जखमेचा माग काढणारे डॉ. खानोलकर

मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसराचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात पोहोचतो. अशा दिवसांत वावरातून परतलेला म्हातारा शेतकरी ओसरीवर टेकला की पाणी मागण्याआधी धोतराची कमरेवरची गाठ सैल करतो. गाठीखालच्या कातडीवर एक पट्टा उमटलेला असतो. काळपट, जाडसर, हाताला खरखरीत लागणारा आणि कुठे कुठे रंग उडून पांढुरका झालेला. त्याच घरातील लुगडे नेसणाऱ्या आजीच्या कमरेवरही तसाच पट्टा असतो. पूर्वीच्या पूर्व व पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या मुलुखात, कितीतरी पिढ्यांनी हा पट्टा अंगावर वागवला. त्याला कोणी आजार म्हटले नाही. बैलाच्या मानेवर जसा जुवाचा घट्टा, तसा माणसाच्या कमरेवर वस्त्राचा घट्टा, एवढीच त्याची समजूत.

बहुतेकांच्या बाबतीत ती समजूत खरीही ठरते. हा पट्टा जन्मभर निरुपद्रवी राहतो. मात्र थोड्या जणांत, तीस-चाळीस वर्षांनंतर, त्याच जागी एक चीर पडते, चिरेची जखम होते आणि ती जखम काही केल्या भरून येत नाही. ही न भरणारी जखम कर्करोगाची असू शकते, आणि तिचे मूळ रोज त्याच जागी आवळल्या जाणाऱ्या गाठीत असते, हे वैद्यकशास्त्राला नीट मांडून दाखवले ते मुंबईतील एका मराठी विकृतिशास्त्रज्ञाने. त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो. एका व्याधीच्या पोटी दुसरी व्याधी कशी जन्म घेते, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासातून पुन्हा पुन्हा समोर येणारा प्रश्न आहे.

लंडनहून परळपर्यंत

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी मिळवली. परदेशात शिकून आलेल्या डॉक्टराला त्या काळी मुंबईत मानाची आणि भरपूर कमाईची वाट खुली होती. शस्त्रक्रिया करावी, मोठ्या घरांतून रोगी तपासावेत आणि नाव कमवावे. खानोलकरांनी निवडलेल्या शाखेत यातले काहीच नव्हते. विकृतिशास्त्रज्ञाचा आणि रोग्याचा समोरासमोर संबंध क्वचितच येतो. शस्त्रवैद्याने काढून पाठवलेला मांसाचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे केसाहूनही पातळ काप घ्यायचे, ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास पाहायचे, असे हे काम. पण रोग नेमका कोणता, याचा अखेरचा निवाडा तेथेच होतो.

ग्रँट मेडिकल कॉलेज आणि पुढे परळचे शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले. त्या काळात आपल्याकडील विद्यार्थी जी पाठ्यपुस्तके वाचत, त्यांतील रोगी युरोपातले असत. त्यांची कातडी गोरी, त्यांचे अन्न वेगळे, त्यांचे कपडे वेगळे आणि त्यांची व्यसनेही वेगळी. मुंबईच्या रुग्णालयात येणारा गिरणी कामगार किंवा गावाकडून आलेला शेतकरी त्या पुस्तकांत कोठेच नव्हता. खानोलकरांच्या पुढील साऱ्या कामाकडे पाहिले म्हणजे ही उणीव त्यांनी किती गांभीर्याने घेतली होती, याची कल्पना येते.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. खानोलकर तेथील प्रयोगशाळा आणि संशोधन विभागाचे संचालक झाले. केवळ कर्करोगासाठी असलेल्या या रुग्णालयाकडे देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येऊ लागले. खानदेशच्या माणसालाही मुंबई परकी नव्हती. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव येथून निघणारा लोहमार्ग थेट दादरला पोहोचत होता. निरनिराळ्या प्रांतांतील, जातींतील आणि धंद्यांतील माणसे एकाच छपराखाली तपासायला मिळणे ही संशोधकासाठी अपूर्व संधी होती. खानोलकरांनी ती ओळखली.

रोग्याची सवय हाच पुरावा

त्यांची पद्धत तशी साधी, पण त्या काळाला नवी होती. काचपट्टीवरच्या पेशी पाहून रोगाचे नाव लिहिले की विकृतिशास्त्रज्ञाचे काम संपले, असे त्यांनी मानले नाही. हा रोग याच माणसाला, याच जागी का झाला, हा त्यापुढचा प्रश्न. रोगी काय खातो, काय चघळतो, तंबाखू तोंडात कोठे धरतो, कोणते काम करतो, कसा कपडा घालतो याची नोंद त्यांच्या लेखी तुकड्याइतकीच महत्त्वाची होती.

१९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पश्चिमेकडे तुलनेने कमी आढळणारा हा कर्करोग आपल्याकडे एवढा का, या प्रश्नाचा माग त्यांना तंबाखू चघळण्याच्या सवयींपर्यंत घेऊन गेला. १९५५ साली डॉ. एल. डी. संघवी आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांच्या संबंधावर केलेला अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. आज तंबाखूच्या पुडीवर छापला जाणारा इशारा आपल्या अंगवळणी पडला आहे. त्या इशाऱ्यामागे ज्यांचे श्रम आहेत, त्या पहिल्या फळीतील भारतीय संशोधकांत खानोलकर होते.

या दोन अभ्यासांच्या मध्ये, १९४५ साली, डॉ. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी एक निबंध लिहिला. माणसाच्या चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध हा त्याचा विषय, आणि त्यात भारतातील काही नव्या प्रकारच्या कर्करोगांची ओळख करून दिलेली होती. त्यांपैकी एकाला त्यांनी नाव दिले ‘धोतराचा कर्करोग’.

गाठीखाली काय घडते?

धोतर दिवसभर सुटू नये म्हणून कमरेभोवती घट्ट आवळले जाते. वर्षानुवर्षे तीच जागा, तोच ताण. चालताना, वाकताना, नांगर धरताना कापडाची कड कातडीवर घासत राहते. त्यात घाम आणि धूळ मिसळते. उष्ण मुलुखात ही जागा कोरडी अशी राहतच नाही. प्रथम कातडीचा रंग बदलतो, मग ती जाड होते, तिच्यावर कोंडा धरतो, बारीक भेगा पडतात. भेग भरते, पुन्हा पडते, पुन्हा भरते. प्रत्येक वेळी कातडीच्या पेशींना नव्याने विभागावे लागते. अशा अखंड दुरुस्तीच्या कामात कधीतरी एखाद्या पेशीच्या रचनेत चूक होते आणि ती पेशी शरीराचा हुकूम मानेनाशी होते. कर्करोगाचा आरंभ असा होतो.

युरोप-अमेरिकेत त्वचेचा कर्करोग म्हटला की सूर्यकिरणांकडे बोट दाखवले जाते, आणि गोऱ्या कातडीसाठी ते बरोबरही आहे. आपल्या सावळ्या कातडीतील रंगद्रव्य उन्हापासून बरेच संरक्षण देते. त्यामुळे भारतात एकूणच हा कर्करोग कमी. पण जो आढळतो, त्यातील बराचसा जुन्या जखमा, भाजल्याचे व्रण आणि सततच्या घर्षणाच्या जागा यांतून निर्माण होतो. म्हणजे आपल्याकडे हा रोग अनेकदा एकटा येत नाही. तो आधीच्या एखाद्या दुखण्याचा वारस म्हणून येतो.

या विचाराला पूर्वपरंपरा होती. लंडनमधील धुराडी साफ करणाऱ्या मुलांना काजळीमुळे पुढे वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ सालीच दाखवले होते. जुन्या व्रणांत उद्भवणाऱ्या अशा घातक जखमेला फ्रेंच शस्त्रवैद्य मार्जोलिन यांचे नाव मिळाले. त्यांनी १८२८ मध्ये अशा व्रणांचे वर्णन केले होते. काश्मीरमध्ये थंडीपासून बचावासाठी निखाऱ्यांची कांगरी पायघोळ फेरनच्या आत धरतात. तिच्या धगीने मांड्यांवर आणि पोटावर होणाऱ्या कर्करोगाची नोंद एल्म्सली यांनी १८६६ साली केली होती. खानोलकरांनी या मालिकेत एक साधी गोष्ट जोडली. कांगरीत निखारे असतात, धुराड्यात काजळी असते. धोतरात यातले काहीच नाही. केवळ दाब आणि घर्षण, तेही पुरेशी वर्षे चालू राहिले, तर पुरते.

यात दोष धोतराचा नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे. दोष गाठीचा, ती रोज एकाच जागी आवळण्याचा आणि त्याहून अधिक म्हणजे जखमेकडे दुर्लक्ष करण्याचा. म्हणूनच हा शोध निराशेचा नव्हता. ज्या कर्करोगाचे कारण डोळ्यांना दिसते आणि ज्याची पूर्वसूचना कित्येक वर्षे आधी मिळते, तो टाळता येतो.

कुष्ठरोगाचा अभ्यास

खानोलकरांनी तितक्याच तळमळीने अभ्यासलेला दुसरा विषय म्हणजे कुष्ठरोग. समाजाने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्या रुग्णांच्या कातडीचे तुकडे त्यांनी वर्षानुवर्षे तपासले. रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांतही त्याचे जंतू मज्जातंतूंना गाठतात, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. वरवर कातडीचा दिसणारा हा रोग मुळात मज्जातंतूंचा आहे, ही समज पक्की होण्यास त्यामुळे मोठी मदत झाली.

त्वचेच्या कर्करोगाशी या विषयाचा दुवा याच ठिकाणी जुळतो. मज्जातंतू मेले की पाय बधिर होतो. काटा रुतला, खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही. तळव्याला व्रण होतो आणि वेदना नसल्यामुळे माणूस त्यावरच चालत राहतो. जंतू मारून कुष्ठरोग बरा झाला तरी बधिरपणा आणि व्रण मागे राहू शकतात. असे वर्षानुवर्षे चिघळलेले काही व्रण पुढे कर्करोगात रूपांतरित झाल्याचे भारतातील डॉक्टरांनी नोंदवले आहे. कमरेवरचा पट्टा आणि तळव्यावरचा व्रण, या दोहोंत कारणे वेगळी, पण वाट एकच.

१९५८ साली खानोलकर, डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. बापट यांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ हे नाव मिळाले आणि पुढे त्याच्यापासून कुष्ठरोगविरोधी लस तयार करण्यात आली.

माणसे घडवणारा संचालक

ती संस्था म्हणजे १९५२ साली मुंबईत स्थापन झालेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र. खानोलकर तिचे संस्थापक संचालक. येथे केवळ डॉक्टरांना नव्हे, तर जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र यांच्या अभ्यासकांनाही जागा होती. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. मिळवली, अमेरिकेतून उच्च प्रशिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. स्त्रियांनी प्रयोगशाळेत करिअर करणे अपवादात्मक असण्याच्या त्या काळात डॉ. सूर्याबाई आणि डॉ. रणदिवे यांची नावे खानोलकरांच्या बरोबरीने शोधनिबंधांवर झळकत होती, ही गोष्ट आजही सांगण्यासारखी आहे.

संघवी यांच्यासह त्यांनी १९४९ मध्ये मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांच्या रक्तगटांचा आणि इतर आनुवंशिक गुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जातीजातींत वेगवेगळे कर्करोग कमीअधिक प्रमाणात का आढळतात, यात रक्ताचा वाटा किती आणि राहणीचा किती, हे तपासायचे तर आधी अशी मोजदाद हवी होती.

पुढे मानसन्मान आले. पद्मभूषण किताब, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हे पद, आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघटनेचे अध्यक्षपद. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

आजींच्या कमरेची गाठ

धोतराच्या कर्करोगाची कथा येथे संपत नाही. धोतर नेसणारी पिढी विरळ झाली, तशी ही व्याधीही विस्मरणात जाईल असे वाटले होते. पण गाठ केवळ पुरुषांच्याच कमरेला नव्हती. परकराचा नाडा आणि लुगड्याची गाठ स्त्रियांच्या कमरेवर तेच काम करीत होते. फरक एवढाच की कमरेवरची जखम परक्या डॉक्टरला दाखवण्याचा संकोच स्त्रीला अधिक, आणि तिच्या दुखण्याकडे घराचे लक्षही उशिरा जाते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईतील डॉक्टरांनी ‘साडीचा कर्करोग’ या नावाने असे रुग्ण नोंदवले. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी बीएमजे केस रिपोर्ट्स या नियतकालिकात आणखी दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत दिली. त्यांपैकी एक अनेक दशके लुगडे नेसत आली होती. तिच्या कमरेवरचा व्रण दोन वर्षे भरला नव्हता आणि निदान होईपर्यंत रोग जांघेतील एका गाठीपर्यंत पोहोचला होता. १९४५ साली पुरुषांच्या बाबतीत जे लिहिले गेले, ते स्त्रियांच्या बाबतीत ठळकपणे मांडले जायला एवढा काळ लागला.

खानदेशात नऊवारी नेसणाऱ्या आजी आजही गावोगावी आहेत. पाचवारी नेसणाऱ्या त्यांच्या लेकी-सुनांच्या परकराला दोरीसारखा अरुंद नाडाच असतो. त्यांच्यासाठी या चरित्राचा व्यावहारिक अर्थ सोपा आहे. नाडा रुंद असावा, गाठ फार आवळू नये, तिची जागा मधूनमधून बदलावी, रात्री कमर मोकळी ठेवावी. पट्ट्यावर नुसता काळेपणा किंवा खरखर असेल तर घाबरण्याचे कारण नाही. तसेच तो पांढुरका पट्टा म्हणजे कोड नव्हे, आणि कोडाचे रूपांतर कर्करोगात होते ही भीतीही निराधार आहे.

सावध व्हायचे ते जखम झाल्यावर. चार-सहा आठवडे औषधपाणी करूनही न भरणारी, कडा वर उचललेली, सहज रक्त येणारी किंवा दुर्गंधी सुटलेली जखम डॉक्टरला दाखवलीच पाहिजे. हीच गोष्ट स्टोव्हच्या भडक्यात भाजल्याच्या जुन्या व्रणाची, त्वचेच्या जुनाट क्षयरोगाची आणि कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाची. भाजल्यानंतर कर्करोग उद्भवण्यास सरासरी तीस वर्षे लागतात, त्यामुळे दोन्हींचा संबंध रोग्याच्या ध्यानातही येत नाही. मूत्रपिंडरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे, जन्मतः रंगद्रव्य नसणारे आणि आर्सेनिकयुक्त पाणी दीर्घकाळ पिणारे यांनाही त्वचेच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. या साऱ्यांच्या बाबतीत शंकेचे निरसन करणारी तपासणी एकच: जखमेच्या कडेचा छोटा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे.

या तपासणीसाठी आता परळ गाठण्याची गरज नाही. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आहे, आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचा विभाग असतोच. वेळीच निदान झाले तर जखम भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह काढून टाकण्याने बहुतेकदा काम भागते. उशीर झाला तर जांघेतील गाठीही काढाव्या लागतात आणि तरीही खात्री देता येत नाही.

नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संकुलातील एका इमारतीला ‘खानोलकर शोधिका’ असे नाव दिले आहे. मोठ्या संशोधकाचे ते उचित स्मारक होय. पण दूरच्या खेड्यात एखादी सून सासूच्या कमरेवरची न भरणारी जखम पाहते, चार दिवस हळद लावून वाट पाहण्याऐवजी तिला घेऊन एस.टी.ने धुळ्याला किंवा जळगावला जाते आणि तो तुकडा तपासला जातो, तेव्हाही खानोलकरांचेच काम पुढे चाललेले असते.